चुन्याचे तीन दगड

पहार खांद्यावर टाकून मी निघालो, तशी सुशीला दारातच आडवी झाली.

"कुठं निघालात?"

"माळावर."

"आन् धारा कुणी काढायच्या? दुधाची गाडी यायची येळ झाली."

"तू काढ. मला दगडं उपटायचीत."

"कुणाची?"

"त्या चित्रवाल्या बाईची."

"अवं, म्हातारी बाई हाय ती. बसून चित्रं काढती. तिच्या दगडांनी तुमच्या पोटात का दुखतंय?"

"देवाला शेंदूर फासत्यात, हद्दीला चुना. त्या दगडांस्नी चुना फासलाय. मोजणीची दगडं हायती ती, सुशीला. बाई चित्रं काढत न्हाई, माळ मोजती."

"मोजणीला तीन दगडं लागत्यात व्हय? चार लागत्यात."

"चौथा लावायच्या आत उपटतो," म्हणालो आणि पायात वहाणा सरकवल्या.

माझा स्वभाव संशयी आहे, असं आमच्या ढगेवस्तीवर लहानथोर सगळे म्हणतात. म्हशीनं एखाद्या दिवशी लिटरभर दूध जास्त दिलं तरी जयसिंग तिच्याकडं वाकड्या नजरेनं बघतो, म्हणतात. मी नाकारत नाही. पण पुणं ज्याच्या बांधाला येऊन टेकलंय त्यानं संशयी नसावं तर काय असावं? हडपसरला माझ्या मामाची पेरूची बाग होती. एके दिवशी तिथं एक माणूस तिपाई घेऊन आला, कसल्याशा काचेतून बघत बसला. मामानं विचारलं, तर म्हणाला, काही नाही, नुसतं बघतोय. मामीनं त्याला चहा दिला, वर पेरू दिले. आज तिथं बारा मजल्यांची इमारत आहे आणि माझा मामेभाऊ तिच्या फाटकावर शिट्टी वाजवत बसतो. तेव्हापासून नुसतं बघणाऱ्या माणसाची मला धास्ती आहे.

लोणी काळभोरपासून आत, डोंगराच्या अंगाला आमची वस्ती. वस्तीच्या वर माळ. सरकारी कागदात तो गायरान, पडीक. उन्हाळ्यात वर जाल तर सरकारचं खरंच वाटेल. उघडा मुरूम, काळा खडक, मधोमध एक हिवराचं झाड आणि कडेला बोरीची जाळी. पण आषाढ लागू द्या. पवन्या, मारवेल, कुसळी असं गवत कमरेला लागतं. खडकाला मोठ्या परातीएवढे खळगे आहेत, त्यांत पाणी धरतं. तिथं हरणं येतात, खोकड येतं, कधीमधी लांडगाही पाणी पिऊन जातो.

आषाढ सरला की आम्ही माळ झाकतो. झाकतो म्हणजे हिवराच्या फांदीला गवताची एक पेंढी उलटी बांधायची. ती दिसली की कुणी वर जनावर घालायचं नाही, विळा लावायचा नाही. दसऱ्याला पेंढी सोडली की घरटी एक माणूस विळा घेऊन वर चढतो. त्या गवतावर माझ्या चार म्हशी होळीपर्यंत निघतात. विकतच्या चाऱ्यावर चार सोडा, दोनही सांभाळणं मला झेपायचं नाही. ही रीत कुणी कुठं लिहून ठेवलेली नाही. लिहायची कधी गरजच पडली नव्हती.

तर ही बाई पहिल्यांदा आली ती गेल्या ज्येष्ठात. पद्मजाबाई. साठी कधीच ओलांडलेली, पायात कापडी बूट, डोक्यावर पुरुषी टोपी, खांद्याला झोळी आणि हातात लाकडी तिपाई. स्वारगेटवरून बसनं लोणीला, तिथून रिक्षा, मग पायी. मी तिपाई बघितली आणि बोरीच्या जाळीमागं बसलो.

बाईनं चारी बाजू न्याहाळल्या. पुढं गेली, मागं आली, एक डोळा मिटून हाताचं बोट डोंगराच्या कडेला लावलं. मग तीन दगड लोटत आणून मुरमात घट्ट बसवले आणि तिपाईचा एकेक पाय एकेका दगडावर टेकवला. पुढच्या खेपेला डबीत कालवलेला चुना घेऊन आली आणि तिन्ही दगड पांढरे केले. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी गुरुवारी हजर. कायम त्याच जागी, त्याच दगडांवर, तोंड त्याच दिशेला. माझाही मग गुरुवार ठरून गेला. म्हशी पाण्यावर सोडायच्या आणि बोरीमागं जाऊन बसायचं. मला तिथून कागदाची नुसती पाठ दिसायची, वर काय काढलंय ते दिसायचं नाही. त्यामुळं संशय फिटायचा काही मार्गच नव्हता.

भाद्रपदात एकदा जाळीत बसल्या बसल्या मला खोकला आला. दाबला, तर जास्तच उसळला. बाई कागदावरची नजर न काढता म्हणाल्या, "बोरीला सर्दी झालेली दिसते. आलं-गूळ द्या तिला."

आता लपून काय करणार? टोपी झटकत बाहेर आलो.

"काय चाललंय हितं?" मी आवाज चढवला.

"आपल्याला काय दिसतंय?"

"चित्र काढताय."

"मग नजर उत्तम आहे आपली."

"पर हेच का काढताय? पर्वती हाय, शनवारवाडा हाय. तिकडं जावा की."

"शनिवारवाड्याला चित्रांची टंचाई नाही. आपण जरा डावीकडे सरकता का? माझ्या उजेडात उभे आहात."

मी सरकलो. पण विचारायचं ते विचारलंच. "तुमाला कुणी पाठवलंय?"

"कुणीही नाही. तीस वर्षं शाळेत मुलांना फुलदाणी काढायला शिकवली. आता फुलदाणी बघवत नाही."

"आन् त्याच त्याच जागंचं चित्र काढून हुणार काय?"

बाईंनी कुंचला पाण्यात बुचकळला. "तिकडे परदेशात दऱ्याखोऱ्यांचा एक मुलूख होता. राजधानीतल्या लोकांनी तो कधी पाहिलेलाच नव्हता. दीडशे वर्षांपूर्वी एक चित्रकार तिथे गेला, चित्रं काढून राजधानीत घेऊन आला. ती पाहून सरकारने ठरवलं, हा मुलूख विकायचा नाही. अहो, न पाहिलेली जागा विकणं फार सोपं असतं."

"आन् त्या चित्रवाल्याला काय मिळालं?"

"नाव झालं त्याचं."

एवढ्या लांब रानात जाऊन, दगडधोंड्यांत बसून, माणसाला नुसतं नाव मिळतं? माझा विश्वास बसला नाही. उलट बाईनं विकण्याचा विषय आपणहून काढला, हे मी मनात पक्कं नोंदवून ठेवलं.

आणि पौषात नोटीस लागली.

माळाची साठ एकर जमीन गोदामांना द्यायचं चाललं होतं. सोबत फोटो होते. कुणीतरी ऐन वैशाखात दुपारी बाराला काढलेले. मुरूम, खडक, पालापाचोळा. खाली लिहिलं होतं, जमीन पडीक, कोणताही वापर नाही. सरपंच संभाजी खुशीत होता. पोरांना कामं लागतील, रस्ता रुंद होईल, असं दारोदार सांगत फिरत होता. मी हरकतीचा अर्ज दिला. त्यावर विचारणा आली, वापराचा काय पुरावा आहे? आता पेंढीचा पुरावा कुठून आणायचा? दसऱ्याला कापलेलं गवत म्हशींनी कधीच खाऊन टाकलं होतं.

तेव्हा मला दगड आठवले. आधी नोटीस येत नसते, आधी बाई येते. मी हिवराच्या बुडापासून दगडांपर्यंत चालत गेलो. उगवतीला सरळ एकाहत्तर पावलं. आकडा पाठ करून संभाजीकडं गेलो.

"सरपंच, माळावर चोरून मोजणी झालीया. हिवरापासनं उगवतीला एकाहत्तर पावलांवर खुणा हायती."

संभाजी हसायला लागला. "जयसिंग, तू पावलं मोजत बस. आमाला दुसरी कामं हायती."

सरपंचही सामील आहे, हे मला तिथंच कळून चुकलं. म्हणून माघातल्या त्या सकाळी मी पहार घेतली, दगड उपटले आणि पोत्यात घालून दोन फेऱ्यांत घरी आणले. म्हटलं, पुरावा आपल्या ताब्यात असावा. सुशीलानं आधी तोंडसुख घेतलं. मग दगड निरखून बघितले.

"उंचीला सारखी हायती पर," म्हणाली आणि मोरीबाहेर आंघोळीच्या पाण्याची चूल मांडून मोकळी झाली.

त्यानंतर बाई यायच्याच बंद झाल्या. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. बोरीमागं बसून मी रिकाम्या माळाकडं बघत राहिलो. दगड गेले आणि बाई गेली. याहून आणखी पुरावा काय पाहिजे, मी सुशीलाला म्हणालो. ती चुलीत काटक्या सारत राहिली.

चैत्रात पाहणी निघाली. सकाळी नवाला तहसील कचेरीतल्या दीपाली मॅडम जीपमधून उतरल्या. तरणीताठी पोरगी, पण डोळ्यांवरचा चष्मा आणि हातातली फाइल बघून सगळे हात जोडून उभे राहिले. संभाजीनं नारळपाणी पुढं केलं, त्यांनी घेतलं नाही. निम्मी वस्ती माळावर जमली होती. उन्हानं मुरूम तापायला लागला होता. मॅडमनी सभोवार नजर टाकली आणि फाइलमधले फोटो काढून बघितले. फोटोत आणि समोर काडीचाही फरक नव्हता.

तेवढ्यात वस्तीच्या बाजूनं एक रिक्षा धडपडत वर आली. तिच्यातून आधी काठी उतरली, मग पद्मजाबाई. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, हे तेव्हा कुठं मला कळलं. रिक्षावाल्यानं मागून तिपाई आणि जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं काढलं.

"पौषात इथली नोटीस वाचून मी टपालाने हरकत पाठवली होती," बाई मॅडमना म्हणाल्या. "सोबत चित्रं दाखवायची आहेत."

गाठोडं सुटलं. एकेक चित्र जीपला, खडकाला, हिवराच्या बुंध्याला टेकवून ठेवलं. सोळा चित्रं होती.

मी आठ महिने नुसती कागदाची पाठ बघितली होती. बाई काय काढते ते आज पहिल्यांदा दिसत होतं. पहिल्या चित्रात माळ उघडा, आज होता तसाच. दुसऱ्यात खडकाच्या कडेनं हिरवी रेघ धरलेली. मग हिरवं वाढत वाढत हिवराच्या गुडघ्याला आलं, खळग्यात पाणी आलं, पाण्यात आभाळ आलं. एका चित्रात गवताच्या वर हरणाचे नुसते कान होते. एकात सगळा माळ पिकून तांबूस झालेला, वारा कुठून कुठं चाललाय ते गवताच्या कलण्यावरून कळत होतं. तो माळ मी जन्मापासून बघत आलो होतो, पण एवढं सगळं आपल्याकडं आहे, हे मला कुणी असं समोर मांडून दाखवलं नव्हतं.

"मॅडम, चित्राचं काय मनावर घेताय?" संभाजी पुढं झाला. "चित्रात कायबी काढता येतं. माझी नात मोराला चार पाय काढती."

दीपाली मॅडम हसल्या नाहीत. पण मान हलवली. "त्यांचा पॉइंट बरोबर आहे, बाई. हे लोकेशन इथलंच आहे, याला प्रूफ काय?"

"आहे ना. तीन दगड आहेत चुना लावलेले. त्यांवर तिपाई ठेवा, चित्र समोर धरा. डोंगराची कड कडेशी जुळेल, झाड झाडाशी."

बाई काठी टेकत निघाल्या. थोडं पुढं गेल्या, थांबल्या, मागं आल्या. काठीनं मुरूम चाचपडला. ऊन डोक्यावर येत चाललं होतं आणि त्या गोल गोल फिरत होत्या.

"इथेच होते," त्या म्हणाल्या. "कुणीतरी नेलेत."

"म्हंजी दगडबी न्हाईत," संभाजी म्हणाला. लोक हसले.

मी बोललो नाही. एक तर सगळ्या वस्तीदेखत चोर ठरायचं. आणि दुसरं, त्या क्षणीही मनात किडा वळवळत होता. दगड परत दिले आणि ते मोजणीचेच निघाले तर? सुशीला बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडं एकटक बघत होती. मी जमिनीकडं बघितलं.

मॅडमनी फाइल मिटली. "निदान तुम्हाला इथे काढताना पाहिलेलं कुणी आहे का? गावातलं?"

"आहेत ना," पद्मजाबाई म्हणाल्या. "एक साक्षीदार दर गुरुवारी असायचे. त्यांचं नाव विचारायचं तेवढं राहिलं."

त्यांनी पहिलं चित्र उचललं आणि कोपऱ्यात बोट ठेवलं. बोरीची जाळी होती. तिच्या मागं तांदळाएवढा एक पांढरा ठिपका. दुसरं चित्र. बोर हिरवी झालेली, ठिपका तिथंच. तिसरं, चौथं, पाचवं. लोक वाकून वाकून बघायला लागले. भाद्रपदातल्या चित्रात ठिपका जाळीच्या बाहेर आला होता. त्याला खाली अंग फुटलं होतं, हात कमरेवर होते.

"आरं, ही तर जयसिंगची टोपी!" संभाजीच ओरडला.

माळावर जे हसू उठलं ते मी जन्मात विसरणार नाही. बायका पदर तोंडाला लावून खुदखुदत होत्या. मी लपलोय असं मला वाटत होतं आणि ही बाई आठ महिने मला रंगवत बसली होती.

"हे गृहस्थ तुम्हीच का?" दीपाली मॅडमनी विचारलं.

मी सुशीलाकडं बघितलं. ती एकटी हसत नव्हती.

"व्हय, मीच," मी म्हणालो. "सोळाच्या सोळा येळा हुतो. बाईंनी समदी चित्रं हितंच बसून काढल्यात. आन् दगडंबी मीच न्हेली. मोजणीची वाटली म्हणून. घरी चुलीला हायती."

हसू एकदम थांबलं. मी कुणाकडं न बघता उताराला लागलो. घरी चूल पेटलेली होती, वर पाण्याचा हंडा रटरटत होता. हंडा उतरवला, विस्तवावर पाणी ओतलं, दगड ओल्या पोत्यात गुंडाळले. तरी पाठ भाजत होती. तीन दगड एका खेपेत घेऊन मी तो चढ कसा चढलो, मला माहीत नाही.

वर आलो तो थेट हिवराच्या बुडाला गेलो. तिथून उगवतीला तोंड केलं आणि मोठ्यानं मोजत निघालो. लोक बाजूला होऊन वाट देत होते. एकाहत्तराव्या पावलाला थांबून पायानं मुरूम सारला. पहारीनं पडलेले तीन खड्डे खाली तसेच होते. दगड काजळीनं काळे झाले होते, पण खालच्या अंगाला चुना शाबूत होता. एकेक दगड ज्याच्या त्याच्या खड्ड्यात बसला.

पद्मजाबाईंनी दगडांवर तिपाई ठेवली. दीपाली मॅडम तिच्यामागं उभ्या राहिल्या आणि पिकल्या गवताचं चित्र दोन्ही हातांनी समोर धरलं. चित्र खाली केलं, वर केलं, परत खाली केलं. डोंगराची कड कडेवर बसत होती. हिवर हिवरावर, खळगा खळग्यावर. फक्त गवत आणि पाणी तेवढं चित्रात होतं आणि समोर नव्हतं.

"झाडाला हे काय लटकतंय?" त्यांनी विचारलं.

"ते मलाही माहीत नाही," बाई म्हणाल्या. "दिसलं तसं काढलं."

मी पुढं झालो आणि पेंढीची सगळी रीत सांगितली. झाकणं, सोडणं, घरटी एक विळा. मॅडमनी चित्रं उलटी केली. पाठीमागं बाईंच्या रेखीव अक्षरात तारखा होत्या. श्रावणाच्या पहिल्या गुरुवारपासून दसऱ्यापर्यंतच्या प्रत्येक चित्रात पेंढी होती. दसऱ्यानंतर एकातही नव्हती. मॅडम बराच वेळ ती चित्रं पुढंमागं करत राहिल्या.

"निर्णय माझ्या हातात नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "पण 'पडीक' आणि 'वापर नाही' हे मी माझ्या रिपोर्टमध्ये लिहिणार नाही. भाद्रपदात पुन्हा पाहणी लावते. तोपर्यंत मोजणी थांबेल."

"भाद्रपदात हितं चिखलात कोण येतंय, मॅडम?" संभाजी म्हणाला.

"मी येतेय," मॅडम म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्या.

माळ वाचला असं मी म्हणत नाही. भाद्रपद अजून लांब आहे, आणि कागद फिरायला वेळ लागत नाही. वस्तीवर तर आता भलतंच सुरू झालंय. जयसिंग आधीपासून बाईला सामील होता, हे सगळं दोघांनी मिळून ठरवलं होतं, असं संभाजी सांगत फिरतोय. लोकांनाही ते पटतंय. एवढा संशयी माणूस उगाच कुणाचं भलं करील कसा, असं माझ्या तोंडावर विचारतात. त्यांचं तरी काय चुकतं? मीही तेच विचारलं असतं.

त्या दिवशी रिक्षात बसताना मी पद्मजाबाईंना म्हणालो होतो, "बाई, चित्रातनं मला तेवढं पुसून टाका. गाव हसतंय."

"पुसता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि का पुसू? या माळाकडे आठ महिने नेमाने बघणारे आपण दोघेच होतो. मी पंधरा दिवसांनी एकदा यायचे. तुम्ही तर रोजचेच."

मी गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. रिक्षा उतारानं गेली तरी मी तिथंच उभा होतो.

गेल्या गुरुवारी चुन्याची डबी घेऊन मी वर गेलो. दगड घासून काजळी काढली, तिन्हींना चुना लावला. सुशीला चुलीसाठी दुसरे दगड बघायला म्हणून मागोमाग आली होती. खडकाच्या कडेनं मी एक चपटा दगड उकरून काढला, तो लोटत लोटत आणला आणि तिन्ही दगडांपासून चार हात बाजूला, उघड्यावर बसवला.

"आता झालं का चार?" सुशीला म्हणाली.

"मला बसायला हाय. बोरीत काटं लई टोचत्यात."

चुना मात्र त्याला लावला नाही. उगाच कुणाला संशय यायचा.